झडप बंद, तरी पीएच चढतोय: अमोनियाने सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड काढणाऱ्या प्लांटचे एक प्रकरण

सल्फर डायऑक्साइडच्या टॉवरला ताजा अमोनिया देणारी कंट्रोल झडप पूर्ण बंद आहे. तरी टॉवरमधल्या लिकरचा (फिरत्या द्रावणाचा) पीएच ५.८ वरून चढत चढत ७.१ वर गेला आहे. चिमणीतून निळसर पांढरा पट्टा निघतो आणि तो वाफेसारखा विरत नाही. थंड भागातला प्लेट हीट एक्स्चेंजर दर दीड दिवसाने तुंबतो. शिवाय अमोनियाच्या टाकीची पातळी जितकी उतरते, त्याच्या निम्माच हिशेब अमोनियम सल्फेटच्या पोत्यांत सापडतो.

या चार तक्रारी चार वेगवेगळ्या माणसांकडे जातात, म्हणून चार वेगवेगळे इलाज सुरू होतात. मूळ मात्र एकच आहे. ते शोधायचे तर आधी गणित मांडावे लागते. खालचे आकडे हिशेबासाठी घेतलेल्या एका नमुना प्लांटचे आहेत. आपल्या प्लांटचे आकडे घालून तेच गणित पुन्हा करता येईल.

प्लांटची मांडणी

कोळशाच्या बॉयलरच्या मुख्य धूरवायूतून एक फाटा काढला आहे: कोरड्या हिशेबाने ताशी १०,००० नॉर्मल घनमीटर, म्हणजे साधारण ३ मेगावॅट विजेमागे जेवढा धूर निघतो तेवढा. त्यात कार्बन डायऑक्साइड १३ टक्के, सल्फर डायऑक्साइड १,००० पीपीएम (दहा लाखांत १,००० भाग) आणि सल्फर ट्रायऑक्साइड १० पीपीएम. राख आधीच्या प्रेसिपिटेटरमध्ये (राख पकडणाऱ्या यंत्रात) बसलेली आहे.

वायू १३० अंश सेल्सिअसला येतो. पहिल्या टॉवरमध्ये तो ५० अंशांपर्यंत विझतो, म्हणजे पाणी उडून थंड होतो, आणि तिथेच अमोनियम सल्फाइट-बायसल्फाइटचे लिकर त्यातला सल्फर डायऑक्साइड शोषते. पुढे कूलिंग वॉटरने ३० आणि चिलरने १० अंशांपर्यंत थंड होऊन वायू कार्बन डायऑक्साइडच्या अ‍ॅब्सॉर्बरमध्ये शिरतो. तिथे ८ टक्के अमोनियाचे द्रावण फिरते. अ‍ॅब्सॉर्बरच्या माथ्यातून निघालेला वायू वॉश टॉवरमध्ये धुतला जातो, मग अगदी छोट्या अ‍ॅसिड वॉशमधून जाऊन चिमणीला लागतो. कार्बन डायऑक्साइडने भरलेले रिच द्रावण दाबाखालच्या स्ट्रिपरमध्ये तापवले की वायू सुटतो आणि लीन (कार्बन डायऑक्साइड कमी उरलेले) द्रावण परत येते.

अशी मांडणी कागदावरची नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू हेवन इथल्या १,३०० मेगावॅटच्या माउंटेनियर केंद्रात २००९ ते २०११ या काळात थंड अमोनियाची प्रक्रिया सुमारे २० मेगावॅटच्या फाट्यावर चालली आणि पकडलेल्या वायूपैकी काही तिथेच जमिनीखाली खोल खारपाण्याच्या थरात सोडला गेला. नॉर्वेतल्या मॉन्गस्टाडच्या चाचणी केंद्रातही ती चालवून पाहिली गेली. रसायन चालते, यात वाद नाही. त्रास होतो तो अमोनिया जागेवर ठेवण्याचा.

एकच अमोनिया, दोन वेगळी कामे

सल्फर डायऑक्साइडशी अमोनियाचे लग्न कायमचे असते. एका मोल सल्फर डायऑक्साइडमागे दोन मोल अमोनिया लागतो आणि ऑक्सिडेशननंतर एक मोल अमोनियम सल्फेट मिळते. आपल्या फाट्यात ताशी ०.४४६ किलोमोल म्हणजे २८.६ किलो सल्फर डायऑक्साइड आहे. त्याला ताशी १५.२ किलो अमोनिया लागेल आणि ५९ किलो सल्फेट निघेल. हा अमोनिया परत येणार नाही, यावाही नाही. तो खत म्हणून बाहेर पडतो.

कार्बन डायऑक्साइडचे उलट. त्याच्याशी गाठ सैल हवी, म्हणजे तापवल्यावर सुटेल आणि अमोनिया पुन्हा वापरता येईल. कुणाला वाटेल, कशाला सोडवायचे? अमोनियम बायकार्बोनेट बनवून खत म्हणून देऊन टाकू. हिशेब करून पाहा. फाट्यात ताशी ५८ किलोमोल, म्हणजे सुमारे २,५५० किलो कार्बन डायऑक्साइड आहे. ९० टक्के पकडायचा तर ५२.२ किलोमोल, म्हणजे ताशी ८८९ किलो अमोनिया लागेल आणि ४.१ टन बायकार्बोनेट निघेल. दिवसाला ९९ टन, तेही ३ मेगावॅटच्या धुरातून. त्यात एक टन अमोनिया जास्तीत जास्त २.५८ टन कार्बन डायऑक्साइड बांधतो, आणि तोच टनभर अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनवताना दीड टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. कोळशापासून बनवला असेल तर फायदा उरतच नाही. वर बायकार्बोनेट शेतात पडले की बांधलेला वायू बराचसा परत सुटतो. हा मार्ग इथेच सोडून द्यावा.

म्हणून क्रम ठरतो: आधी सल्फर, मग कार्बन. पहिल्या टॉवरमधून १०० पीपीएम सल्फर डायऑक्साइड निसटला, तरी पुढच्या द्रावणातला ताशी १.५ किलो अमोनिया कायमचा अडकतो आणि दिवसाला सुमारे १४० किलो सल्फेट तिथे साठते. स्ट्रिपरची कितीही वाफ दिली तरी ते फुटत नाही. पुढे जाणारा सल्फर डायऑक्साइड १० पीपीएमच्या आत ठेवायचा, हा नियम त्यासाठीच.

वॉश टॉवरमध्ये साधे पाणी का नाही

थंड असले तरी ८ टक्के अमोनियाचे द्रावण वायूला अमोनिया देतेच. अ‍ॅब्सॉर्बरच्या माथ्यावर २,००० पीपीएम स्लिप, म्हणजे वायूबरोबर निसटणारा अमोनिया, धरू. पकडलेला वायू वजा जाता ताशी ८,८३० घनमीटर उरतात. त्यातून ताशी १३.४ किलो अमोनिया निघून जातो. सल्फर डायऑक्साइडला लागणाऱ्या १५.२ किलोच्या जवळ जाणारा हा आकडा आहे, आणि प्लांटची सगळी गंमत याच योगायोगात दडलेली आहे.

साध्या पाण्याने हा अमोनिया धुता येतो, पण पाणी फार लागते. १० अंशांना १ टक्का अमोनियाच्या पाण्यावर साधारण ०.५ किलोपास्कल बाष्पदाब असतो, म्हणजे २,००० पीपीएमच्या वायूशी पाणी ०.४ टक्क्याच्या आसपास थांबते. सोबत शोषला जाणारा कार्बन डायऑक्साइड थोडी मदत करतो. तरी ताशी दीड ते तीन टन पाणी हवेच. ते ठेवायचे कुठे? पहिल्या टॉवरमध्ये गरम वायू विझवताना ताशी जेमतेम ४१५ किलो पाणी उडते. त्याहून जास्त पाणी आत गेले की लिकर पातळ होते, स्फटिक बसत नाहीत आणि टाकी ओसंडते. शिवाय ५० वरून १० अंशांवर येताना वायूतून ताशी सुमारे १,०१५ किलो कंडेन्सेट (थंड होऊन जमलेले पाणी) सुटते, त्याचीच विल्हेवाट लावताना नाकी नऊ येतात.

म्हणून धुण्यासाठी पहिल्या टॉवरचेच लिकर वापरतात. ५.८ पीएचच्या बायसल्फाइटला अमोनियाची भूक असते. ते थंड करून वॉश टॉवरवर फिरवले की बायसल्फाइटचे सल्फाइट होते. ते सल्फाइट पहिल्या टॉवरमध्ये परतते, सल्फर डायऑक्साइड घेते आणि पुन्हा बायसल्फाइट होते. पाणी वाढत नाही, शेवटी निसटलेला अमोनिया पहिल्या टॉवरच्या कामाला लागतो. कमी पडणारा ताशी १.८ किलो अमोनिया पीएच पाहून ताजा सोडायचा. सुरुवातीच्या कोळशावर झडप याच मापाने उघडी असायची आणि सगळे सुरळीत चालायचे.

कोळसा बदलला

नवा कोळसा कमी गंधकाचा. धूरवायूत सल्फर डायऑक्साइड १,००० वरून ४५० पीपीएमवर आला. प्रदूषणाच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी, म्हणून प्रक्रियेचा हिशेब पुन्हा कुणी मांडला नाही.

४५० पीपीएमला फक्त ताशी ६.८ किलो अमोनिया पुरतो. वॉश टॉवर मात्र पूर्वीसारखाच १३.४ किलो आणून देतो. ताशी ६.६ किलो, म्हणजे दिवसाला जवळपास १६० किलो अमोनियाला वाटेकरी राहिला नाही. पीएच कंट्रोलर आपले काम करतो, ताजी झडप मिटून घेतो, आणि त्यापुढे त्याच्या हातात काही नाही. अमोनिया दुसऱ्याच दाराने येत आहे.

पुढची साखळी अशी. लिकरमधले बायसल्फाइट संपत जाते, पीएच चढतो. पीएच ७ च्या वर आणि तापमान ५० अंश असले की लिकर स्वतःच अमोनिया हवेत सोडायला लागते. तो वायूबरोबर पुढे जातो, कूलरच्या कंडेन्सेटमध्ये आणि कार्बन डायऑक्साइडच्या द्रावणात शिरतो, तिथून पुन्हा स्लिप होऊन वॉश टॉवरवर येतो. वॉशचे लिकर आता जवळजवळ निव्वळ सल्फाइट, त्याची भूक मेलेली. मग अमोनिया त्याला ओलांडून अ‍ॅसिड वॉशवर आदळतो. तो टॉवर ताशी एक-दीड किलोच्या मापाने बांधलेला, तोही हरतो.

यात एक छुपा घटकही असतो. गंधक कमी झाले तरी वायूतला ऑक्सिजन तेवढाच राहतो. त्यामुळे सल्फाइटचा मोठा हिस्सा टॉवरमध्येच आपोआप सल्फेट होतो. सल्फेट ना अमोनिया धरते, ना सल्फर डायऑक्साइड. लिकरची घनता बरोबर दिसते, पण कामाचे मीठ कमी आणि भरताड जास्त. अशा लिकरचा पीएच थोड्याशा अमोनियानेही उड्या मारतो.

निदान कसे केले

पहिली खूण वर आलीच: झडप बंद, पीएच चढता. दुसरी खूण स्वस्त आणि बिनचूक आहे. वायू ५० वरून ३० अंशांवर आणणाऱ्या कूलरचे कंडेन्सेट बाटलीत घ्या. निरोगी प्लांटमध्ये ते आंबट असते, पीएच ३ ते ४. इथे ते ८ च्या वर होते आणि बाटली उघडताच नाकाला झोंबत होते. म्हणजे पहिल्या टॉवरमधून वायूबरोबर अमोनिया पुढे येत होता. ताशी काहीशे किलो पाणी याच दाराने सांडपाण्याला जाते, तेव्हा हरवलेल्या अमोनियाचा एक वाटा इथे सापडला. उरलेला चिमणीला.

पीएच मीटरवर एकट्याने विश्वास ठेवू नये. या लिकरमध्ये इलेक्ट्रोडवर स्फटिकांची साय धरते आणि आकडा हळूहळू खोटा होतो. दर पाळीला दोन टायट्रेशन (मोजून रसायन घालत केलेली तपासणी) पुरतात. एकूण सल्फाइट आयोडीनने. बायसल्फाइटसाठी नमुन्यात उदासीन केलेले हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्याचे बायसल्फेट करायचे आणि मिथाइल रेडवर कॉस्टिकने मोजायचे. दोन्हींवरून सल्फाइटशी बांधलेल्या एका मोल अमोनियामागे किती मोल गंधक आहे ते निघते. निव्वळ सल्फाइटला ०.५, निव्वळ बायसल्फाइटला १. चांगल्या दिवसांत हे गुणोत्तर ०.८५ च्या आसपास होते, आता ०.६.

धुराच्या पट्ट्याबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण इथेच सर्वात जास्त चुका होतात. वाफेचा ढग तोंडाशी दाट असतो आणि काही मीटरवर विरतो, कोरड्या दुपारी तर लगेच. अमोनियम मिठांचा एरोसोल तसा नसतो. वाफ विरल्यावरही निळसर रेघ मागे उरते. ती दोन कारणांनी होते. एक, सल्फर ट्रायऑक्साइड विझताना सल्फ्युरिक आम्लाचे मायक्रॉनहून बारीक धुके बनते, आणि अमोनियाने त्याचे सल्फेट होते. नुसत्या १० पीपीएमपासून प्रत्येक घनमीटरमागे ५९ मिलिग्रॅम सल्फेट तयार होऊ शकते. हे पूर्वीच्या कोळशावरही होतेच. दुसरे, पीएच चढल्यावर अमोनियाची वाफ आणि सल्फर डायऑक्साइड ओल्या वायूतच भेटतात आणि लिकरला शिवायच्या आधी सल्फाइट-बायसल्फाइटचे कण बनवतात. एवढे बारीक कण टॉवरमधल्या भरावाला, म्हणजे पॅकिंगला, जुमानत नाहीत, नेहमीच्या पत्र्याच्या डेमिस्टरमधूनही सरळ निघून जातात. म्हणून पॅकिंग वाढवून किंवा फवारे बदलून हा पट्टा जात नाही. त्या खटपटीत एक शटडाऊन वाया जातो, एवढेच.

अ‍ॅनालायझरही इथे फसवतो. नमुन्याची नळी थंड असेल तर कण फिल्टरवर अडकतात आणि अमोनिया कमी दिसतो. नळी १८० अंशांना तापवलेली असेल तर सल्फाइटचे कण फुटून अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड असे दोन्ही वायू म्हणून मोजले जातात. एकाच चिमणीवर दोन मीटर दोन गोष्टी सांगतात, आणि आपापल्या जागी दोन्ही खरे असतात.

खात्री करायला एकच चाचणी केली: पहिल्या टॉवरच्या टाकीत पातळ सल्फ्युरिक आम्ल सोडून पीएच ५.६ वर आणला. तासाभरात पट्टा पातळ झाला. पूर्ण गेला नाही. जो उरला तो सल्फर ट्रायऑक्साइडचा. त्याला वेट इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर किंवा फायबर बेड (बारीक तंतूंची गादी) लागतो, पीएचने तो सुटणार नाही.

तुंबणारा एक्स्चेंजर

हा प्रश्न वेगळा वाटतो, पण अमोनियाचाच आहे. अ‍ॅब्सॉर्बरच्या खालच्या भागातले द्रावण बाहेर काढून, चिलरवर ८ अंशांना थंड करून परत सोडले जाते. या वळणावरच्या प्लेट एक्स्चेंजरचा दाबफरक स्वच्छ असताना ०.४ बार असे. छत्तीस तासांत तो १.६ वर जाई. उघडल्यावर प्लेटांच्या नक्षीत पांढरे, साबणाच्या वडीसारखे दिसणारे थर. नखाने खरवडले की भुगा होतो आणि हातावर गार लागतो.

ते अमोनियम बायकार्बोनेट. शंभर ग्रॅम पाण्यात ते २० अंशांना सुमारे २१.६ ग्रॅम विरघळते, शून्याला फक्त ११.९. द्रावण ८ अंशांना आहे असे मीटर सांगतो, पण चिलरचे ग्लायकॉल (थंडी वाहून आणणारा द्रव) २ अंशांना येते आणि प्लेटची भिंत ग्लायकॉलच्या तापमानाच्या जवळ असते. स्फटिक धरतो तो भिंतीवर.

पण पूर्वी तुंबत नव्हते, मग आताच का? कारण मेकअप, म्हणजे द्रावणातली तूट भरून काढणारा, अमोनिया घनता पाहून सोडला जात होता. द्रावणाची घनता अमोनियाने उतरते आणि कार्बन डायऑक्साइडने चढते. दोन्ही बदलले की घनतामापक काहीही सांगतो. फेऱ्या मारणारा जास्तीचा अमोनिया द्रावणात येत राहिला आणि प्रत्यक्ष ताकद ८ वरून १०.५ टक्क्यांवर गेली. ताकद वाढली तसा दर लिटरमागे शोषलेला कार्बन डायऑक्साइडही वाढला, म्हणून घनता बदललीच नाही. टायट्रेशन केल्यावर कळले. एकूण अमोनिया आम्लाने मिथाइल ऑरेंजवर, आणि कार्बन डायऑक्साइड आम्ल घालून सुटलेल्या वायूच्या घनफळावर, दोन्ही रोज मोजावेत. घनता फक्त बदल कळायला ठेवावी.

साफ करताना सावधगिरी अशी. ५५ ते ६० अंशांचे पाणी फिरवले की थर सुटतो, कारण बायकार्बोनेट या तापमानाला फुटायला लागते. पण ते फुटते म्हणजे वायू होते: एक किलो खड्यातून पाण्याची वाफ सोडून सुमारे ५७० लिटर अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. दोन्ही झडपा बंद करून एक्स्चेंजर गरम करणे म्हणजे बंद भांड्याखाली चूल पेटवणे. व्हेंट आधी स्क्रबरकडे उघडायचा, मग पाणी सोडायचे. टाकीत उतरायचे असेल तर अमोनियाचा मीटर पुरेसा नाही, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही तळाशी मोजावेत. पॅकिंगच्या सांदीत राहिलेला खडा दुपारी तापला की पुन्हा वायू सोडतो.

स्ट्रिपरच्या माथ्यावरही हेच भूत असते, उलट्या रूपात. तिथली गरम वाफ म्हणजे कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि पाणी. नळीचा एखादा तुकडा ६० अंशांच्या खाली गेला की आत कार्बामेट आणि बायकार्बोनेट जमते. प्रेशर गेजच्या बारीक नळ्या आधी जातात. युरिया प्लांटमध्ये काम केलेल्याला हे सांगावे लागत नाही. सेफ्टी व्हॉल्वच्या तोंडाशी असा बोळा बसला तर दाब सोडायला काही उरत नाही. तिथे स्टीम ट्रेसिंग आणि व्हॉल्वच्या आधी रप्चर डिस्क हवीच.

काय बदलले

सर्वात सोपा उपाय सल्फ्युरिक आम्ल. ताशी ६.६ किलो जास्तीच्या अमोनियाला १९ किलो आम्ल लागते आणि २५.६ किलो सल्फेट वाढते. तातडीला ठीक. कायमचे केले तर अमोनियाही विकत आणि त्याला मारायला आम्लही विकत, असा आतबट्ट्याचा व्यवहार होतो.

दुसरा उपाय अमोनिया स्ट्रिपर. वॉशसाठी वेगळे पाणी, ते वाफेने उकळायचे, निघालेला अमोनिया द्रावणात परत. चांगला आहे, पण नवा कॉलम, नवी वाफ, आणि त्याच्या माथ्यावर पुन्हा तेच खडे. तिथली वाफ थंड करून द्रव करायच्या फंदात न पडता गरमच लीन द्रावणात शोषून घ्यावी लागते. मोठ्या प्लांटला हा खर्च टाळता येत नाही. या फाट्यापुरता तो टाळता आला.

खरा इलाज स्लिप मुळात कमी करण्याचा. नव्या कोळशावर सल्फर डायऑक्साइड जेवढा अमोनिया खाऊ शकतो, तेवढ्याला स्लिपची कमाल मर्यादा १,०२० पीपीएम येते. आधी मर्यादा २,२६० होती, म्हणून २,००० चालून जात होते.

त्यासाठी थंडी हलवली. पूर्वी चिलरचा जोर खालच्या वळणावर होता, जिथे द्रावण कार्बन डायऑक्साइडने भरलेले असते आणि खडे धरते. आता खालचे वळण १८ अंशांना ठेवले, साध्या कूलिंग वॉटरने जेवढे जमेल तेवढे करून उरलेलाच थोडा भार चिलरला दिला, आणि ग्लायकॉलला ८ अंशांची तळरेषा घातली. माथ्यावर येणारे लीन द्रावण मात्र त्याच्या वेगळ्या चिलरवर ५ अंशांपर्यंत नेले. लीन द्रावणात बायकार्बोनेट कमी, तिथे खड्याची भीती कमी. आणि अमोनिया ज्या जागेवरून निसटतो ती जागा हीच. खालचा भाग गरम झाल्याने तिथले शोषण उलट जलद झाले. थंड अमोनिया मुळातच सुस्त असतो, त्याला खाली ऊब मानवते.

दुसरा बदल लीन लोडिंगचा. एका मोल अमोनियामागे ०.३० मोल कार्बन डायऑक्साइड उरेपर्यंत स्ट्रिपर चालवला जात होता, ते ०.३५ वर थांबवले. मोकळा अमोनिया कमी, स्लिप कमी. किंमत पंपाला मोजावी लागते. रिच लोडिंग ०.५० धरले तर आधी ताशी ५५.५ टन द्रावण पुरत होते, आता ७४ टन. पंपाला आणि लीन-रिच एक्स्चेंजरला तेवढी ऐपत आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर ९० टक्के पकड सोडून ८० वर समाधान मानावे. स्लिपची मर्यादा ओलांडून ९० टक्के गाठण्यात अर्थ नाही.

मेकअप अमोनिया घनतेवरून काढून टायट्रेशनवर आणला आणि ताकद ८ टक्क्यांवर उतरवली. उतरवण्यासाठी काही फेकले नाही. मेकअप बंद ठेवला, स्लिपनेच ती उतरू दिली. तोपर्यंत आम्लाचा पंप चालू ठेवावा लागला.

पहिल्या टॉवरच्या लिकरमधले सल्फेटचे भरताड कमी करायला क्रिस्टलायझरकडे (स्फटिक काढणाऱ्या भांड्याकडे) जाणारा ब्लीड, म्हणजे फिरत्या लिकरमधून काढून घेतला जाणारा हिस्सा, वाढवला. ऑक्सिडेशनची हवा फक्त त्या ब्लीडच्या टाकीत राहील याकडे लक्ष दिले, फिरत्या लिकरमध्ये तिचे बुडबुडे येऊ दिले नाहीत. ब्लीड ऑक्सिडायझ करताना तो फार घट्ट नको, घट्ट मिठात ऑक्सिजन फारसा विरघळत नाही आणि सल्फाइट तसेच राहते. आधी पातळ असताना ऑक्सिडायझ, मग आटवणे. याच ब्लीडबरोबर कोळशातले क्लोराइडही बाहेर जाते, ते साठले तर ३१६एल स्टेनलेस पोलादाला टोचे पडतात.

सुट्या भागांपैकी दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. कुणीतरी पितळेचे गेज बसवले होते. तांबे आणि त्याच्या मिश्रधातू अमोनियात टिकत नाहीत. एक्स्चेंजरच्या नव्या गॅस्केट व्हिटॉनच्या आल्या होत्या, त्या फुगल्या. इथे ईपीडीएम रबर लागते.

चिमणीबद्दल एक. वायू १० अंशांनाच बाहेर सोडला तर तो वर चढत नाही, जमिनीकडे येतो. थोडा उरलेला अमोनियाही मग आवारात वास मारतो. नाकाला तो ५ पीपीएमच्या आसपासच कळतो. म्हणून निघणारा थंड वायू आत येणाऱ्या पाण्यावर फिरवून त्याची थंडी वसूल केली. चिलरवरचा भार तेवढा हलका झाला आणि वायूही पंचवीस-तीस अंशांना बाहेर पडू लागला. चिलरवर नुसता वायू ३० वरून १० अंशांवर आणायचाच भार सुमारे २५० किलोवॅट, म्हणजे ७१ रेफ्रिजरेशन टनांचा आहे. शोषणाची उष्णता त्याहून वेगळी, म्हणून ही वसुली क्षुल्लक नाही.

पुन्हा जास्त गंधकाचा कोळसा आला तर

गंधक वाढले की लिकर आंबट होईल आणि ताज्या अमोनियाची झडप आपोआप उघडेल. लीन लोडिंग लगेच ०.३० वर नेऊ नये, दोन दिवस टायट्रेशनचे गुणोत्तर ०.८ च्या वर स्थिर राहिलेले पाहावे. आम्लाचा पंप आणि ताज्या अमोनियाची झडप यांना इंटरलॉक घातला आहे: पीएच ६.२ च्या वर गेल्याशिवाय पंप चालत नाही, ६ च्या खाली आल्याशिवाय झडप उघडत नाही. दोन्ही एकाच पाळीत आलटून पालटून चालू होताना दिसले, तर कोळशाला दोष देण्याआधी पीएचचा इलेक्ट्रोड काढून कोमट पाण्याने धुवावा.